कोल्हापूर पडद्यावर दिसते कुठे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरला मराठी चित्रपटाचे माहेरघर म्हणतात, मग हे शहर पडद्यावर ओळखू येईल असे का दिसत नाही? इथे चित्रीकरण कधीपासून आणि कोणत्या जागी होत आले? आणि आज एखाद्या लहान युनिटला इथे काम करायचे असेल तर कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात? मी गेली एकतीस वर्षे कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत येणाऱ्या युनिटांसाठी जागा शोधणे, परवानग्या काढणे आणि चित्रीकरणाची व्यवस्था लावणे हेच काम करीत आलो आहे. त्यामुळे या उत्तरात इतिहास आणि धंद्यातला अनुभव यांची सरमिसळ होणार, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कोल्हापूर पडद्यावर भरपूर दिसले आहे. फक्त ते कोल्हापूर म्हणून दिसलेले नाही. ते विराटनगरी झाले, अयोध्या झाले, मच्छिंद्रनाथांना भुलवणारे स्त्रीराज्य झाले, शिवकालातला गड झाले आणि पुढे कित्येक वर्षे ‘महाराष्ट्रातले एक गाव’ झाले. मुंबईत कथा घडते हे सांगायला दिग्दर्शक एकदा गेटवे ऑफ इंडिया किंवा मरीन ड्राइव्ह दाखवतो आणि पुढच्या कामाला लागतो. कोल्हापुरात कथा घडते, असे सांगण्याची गरज इथल्या चित्रपटकारांना पहिली कित्येक दशके पडलीच नाही, कारण त्यांची कथा पुराणात, इतिहासात किंवा नाव नसलेल्या खेड्यात घडत होती. म्हणून या शहराच्या चित्रीकरणाचा इतिहास नुसत्या ठिकाणांच्या यादीतून हाती लागत नाही. तो इथल्या सुतारांच्या, रंगाऱ्यांच्या, गवंड्यांच्या आणि घोडे सांभाळणाऱ्यांच्या कामातून शोधावा लागतो.

सुरुवातच पाहा. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर हे मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळीसाठी राजवाडा, जंगल, नदीकाठ कापडावर उभे करायचे, हे त्यांचे काम होते. चलत्‌चित्राचे वेड लागल्यावर या दोघांनी कॅमेरा स्वतःच बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, आणि त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली तीही याच काळात, आणि तिला लागणारे पैसे तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. शाहू महाराजांचा आश्रय होताच. भांडवल कुणा गिरणीमालकाचे किंवा सावकाराचे नसून एका गाणाऱ्या बाईचे होते, ही गोष्ट कोल्हापूरबाहेर फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता गंमत अशी की, पडदे रंगवून नाव मिळवलेल्या याच माणसाने चित्रपटातून रंगवलेले पडदे हद्दपार केले. कापडावर रंगवलेला खांब नाटकात चालतो, कारण प्रेक्षक एका जागी बसलेला असतो आणि उजेड समोरून पडतो. कॅमेऱ्यासमोर उन्हात तोच खांब सपाट दिसतो, कारण त्याची सावली पडत नाही. बाबूरावांनी भरीव, लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभारायला घेतले. ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला. त्यातला कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की तो कापावा लागला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला. तोपर्यंत चित्रीकरण म्हणजे सर्वस्वी सूर्याचा कारभार होता. वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करायचे, बाजूने चकाकत्या पत्र्यांनी ते पुन्हा चेहऱ्यावर फेकायचे आणि ढग आला की सगळ्यांनी मुकाट बसायचे.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्या गावात अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली आहेत, त्या गावाला उजेडाची समज वेगळी शिकवावी लागत नाही, असे माझे एक आवडते मत आहे. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवशी, तसेच नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. वाटेत एखादी इमारत उंच झाली किंवा हवेत धुरके असले की किरणे अडतात आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्याचीच चर्चा असते. बाबूराव पेंटरांवर याचा परिणाम झाला असे कुठे लिहिलेले मी वाचलेले नाही. पण कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या उंचीवर ऊन येईल याची वाट पाहणे हेच बाह्यचित्रीकरणाचे निम्मे काम असते, आणि ते इथे देवळातही चालते.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ हे या इतिहासातले खरे वळण. नारायण हरी आपटे यांची कथा, जमीन गमावलेला आणि गिरणीत राबायला शहराकडे गेलेला शेतकरी, आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देवदेवतांच्या आणि मावळ्यांच्या गर्दीत अचानक एक झोपडी आली. मूकपटाच्या काळातले बहुतेक चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत, त्यामुळे त्या झोपडीवरचा उजेड कसा होता हे आपल्याला जुन्या लोकांच्या आठवणींवरूनच समजून घ्यावे लागते. बाबूरावांनी पुढे शालिनी सिनेटोनसाठी हीच कथा १९३६ साली पुन्हा बोलपट म्हणून केली. मात्र खेडे हा विषय कोल्हापूरच्या चित्रपटात शिरला तो १९२५ पासून, आणि पुढे पन्नास वर्षे तो बाहेर पडला नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभात म्हटले की लोकांना पुणे आठवते, पण कंपनीचे सगळे मूकपट आणि पहिले बोलपट हे कोल्हापूरचे आहेत. १९३० च्या ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते आणि ते ब्रिटिश सेन्सॉरमुळे बदलावे लागले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. त्याची मराठी आणि हिंदी आवृत्ती एकाच वेळी घेतली गेली, म्हणजे त्याच सेटवर, त्याच पोशाखात, एक दृश्य एका भाषेत झाले की पुन्हा दुसऱ्या भाषेत घ्यायचे. ध्वनीची बाजू दामल्यांकडे आणि कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे. हरिश्चंद्राची अयोध्या आणि काशीचा बाजार कोल्हापूरच्या सुतारांनी रंधा मारून उभा केला, हे ध्यानात ठेवून तो चित्रपट पाहिला तर दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांच्या मागचे खांबही पाहावेसे वाटतात.

बोलपटाने एक मोठा बदल केला, जो जागेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूकपटाच्या काळात नदीकाठी, माळावर, वाड्याच्या चौकात कॅमेरा लावला आणि शेजारी कुणी ओरडत असले तरी काही बिघडत नव्हते. आवाज आल्यावर भोंगा, बैलगाडी, कावळे, शेजारच्या आळीतले भांडण हे सारेच शत्रू झाले. चित्रीकरण बंदिस्त मजल्यावर, म्हणजे स्टुडिओच्या दालनात गेले, आणि मजला म्हटला की जागा, वीज आणि पैसा आला. प्रभातने १९३३ साली पुणे गाठले. कोल्हापुरात याचे दुःख अजूनही केले जाते, पण तो निर्णय व्यवहाराला धरून होता, असेच मला वाटते.

प्रभात गेल्यावर शहर ओस पडले नाही, हे मात्र विसरले जाते. राजाराम महाराजांच्या पाठिंब्याने कोल्हापूर सिनेटोन उभे राहिले, रंकाळ्याकडे शालिनी सिनेटोन सुरू झाले, आणि १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे यांच्या कथांवर हंसने चित्रपट केले. ‘छाया’, ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ ही नावे जुन्या माणसांना आजही तोंडपाठ आहेत. कोल्हापूर सिनेटोनच्या ‘गंगावतरण’साठी तर स्वतः दादासाहेब फाळके इथे आले. बोलपट म्हणून घेतलेला त्यांचा हा एकमेव चित्रपट १९३७ साली पूर्ण झाला. भारतीय चित्रपटाची सुरुवात करणाऱ्या माणसाचा शेवटचा चित्रपट पंचगंगेच्या गावात व्हावा आणि त्याचा विषय गंगा पृथ्वीवर उतरण्याचा असावा, हा योगायोग कोल्हापूरकर सहसा सोडत नाहीत. मीही सोडत नाही.

कोल्हापूर सिनेटोनचीच वास्तू पुढे जयप्रभा स्टुडिओ झाली आणि १९४० च्या दशकात ती भालजी पेंढारकरांच्या हाती आली. १९४६ च्या त्यांच्या ‘वाल्मिकी’त पृथ्वीराज कपूर वाल्मिकी होते आणि तरुण राज कपूर नारद. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभा केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ केला. पुढे ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ असे चित्रपट आले. मधल्या काळात कर्जामुळे स्टुडिओची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली, तरी भालजींचे काम तिथेच चालू राहिले. १९९४ साली भालजी गेले आणि हळूहळू तिथल्या मजल्यांवरचा राबता थांबला. ही वास्तू वारसा म्हणून जपावी यासाठी इथल्या कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनी अलीकडच्या काळातही आंदोलने केली आहेत. मीही त्या मांडवात बसलो आहे, त्यामुळे या बाबतीत माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नये.

जयप्रभामुळे काय घडले, ते धंद्याच्या अंगाने सांगतो. ज्या शहरात कायमचा स्टुडिओ असतो, तिथे कायमची माणसेही असतात. मी या कामात आलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सेटिंगचे मिस्त्री लहानपणापासून जयप्रभात वावरलेले होते. त्यांनी मला किल्ल्याचा दगड करायला शिकवले. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट ताणायचे, त्यावर प्लास्टर चढवायचे, ते अर्धवट ओले असतानाच करवतीच्या पात्याने चिरे पाडायचे आणि सुकले की करडा रंग मारायचा. इथपर्यंत कुणीही करील. पण नंतर ते एका डब्यात दोनदा उकळलेल्या चहाचे पाणी घेत, त्यात चिमूटभर काजळी टाकत आणि फडक्याने चिऱ्यांच्या फक्त खालच्या कडेला टिपत. पावसाचे पाणी दगडावरून खाली ओघळते, म्हणून दगड खालून काळा पडतो, वरून नाही. मग चार पावले मागे जाऊन डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, “आता हा भिजलाय.” थर्माकोल कोरून आणि यंत्राने रंग फवारून केलेले किल्ले आज मी पाहतो तेव्हा मला बहुतेक वेळा तो न भिजलेला दगडच दिसतो.

स्टुडिओ जागेवर होता, म्हणूनच कोल्हापूरचे खेडे मराठी चित्रपटाचे खेडे झाले. अंतर्गत दृश्ये मजल्यावर घ्यायची, बाहेरची दृश्ये करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतल्या गावांत घ्यायची आणि रात्री मुक्कामाला शहरात परतायचे, हा हिशेब निर्मात्याला परवडणारा होता. सकाळी सहाला निघालेली गाडी सातला कॅमेरा लावते, हे सुख मुंबईत मिळत नव्हते. परिणामी साठ-सत्तरच्या दशकांतल्या ग्रामीण आणि तमाशापटांमध्ये जे गाव दिसते, त्यात लाल कौलांची उतरती छपरे, पाटलाच्या वाड्याची दगडी चौकट, उसाच्या फडातून जाणारी पाणंद आणि मागे दूरवर सपाट माथ्याचा डोंगर असतो. तो महाराष्ट्राचा सरासरी चेहरा नाही. तो शहराभोवतीच्या वीस-पंचवीस किलोमीटरांचा चेहरा आहे. बोलीचेही तेच झाले. विदर्भातला किंवा खानदेशातला पाटीलही पडद्यावर कोल्हापुरी हेल काढून बोलू लागला, आणि त्याबद्दल तिकडच्या लोकांनी केलेली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

राज्य सरकारने मोरेवाडीच्या माळावर पाऊणशे एकरांच्या आसपास जागेत कोल्हापूर चित्रनगरी वसवायचे १९८० च्या दशकात ठरवले. त्यानंतरची बरीच वर्षे तिथे गवत वाढत राहिले, एवढे म्हटले तरी पुरे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र वाडा, चाळ, रेल्वे स्थानक अशी कायमची बांधकामे झाली आणि मालिकांची युनिटे येऊ लागली. मालिकांनीच एक जुनी उणीवही भरून काढली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’चे चित्रीकरण शहराजवळच्या वसगडे गावातल्या एका वाड्यात झाले, कथा कोल्हापूरची, पैलवान कोल्हापूरचा, तालीम कोल्हापूरची. वाडा पाहायला बाहेरगावच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा मला जाणवले की इतकी वर्षे दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालून वावरणारे हे शहर प्रथमच एवढ्या ठळकपणे स्वतःचे नाव घेऊन पडद्यावर आले आहे.

हिंदी चित्रपटांची मोठी युनिटे वाई आणि मेणवलीला जातात, कोल्हापूरला का येत नाहीत, असे मला वारंवार विचारले जाते. मुंबईहून वाईपेक्षा इकडे येण्याचा रस्ता जवळजवळ दीडशे किलोमीटरांनी लांब आहे, आणि शंभर-दीडशे माणसांच्या युनिटला त्या दीडशे किलोमीटरांचे पैसे दोन्ही वेळा मोजावे लागतात. शिवाय वाईच्या घाटांची आणि मेणवलीच्या वाड्याची मांडणी अशी आहे की कॅमेरा कुठेही फिरवला तरी फारसे काही झाकावे लागत नाही. पंचगंगेच्या घाटावर दीपमाळा, मंदिरे, पायऱ्या सारे आहे, पण कॅमेरा थोडा उजवीकडे वळला की पूल, वाहने आणि जाहिरातींचे फलक चौकटीत येतात. आपल्या शहरावर प्रेम असले तरी रेकीच्या, म्हणजे जागेच्या पाहणीच्या वेळी हे खरे सांगावे लागते.

आता आजच्या कामाविषयी. कोल्हापुरात चित्रीकरण ठरवताना पहिला विचार पावसाचा करावा. जून ते सप्टेंबर या काळात पन्हाळा आणि जोतिबाच्या डोंगरावर धुके असते, ते छायाचित्रात सुंदर दिसते आणि चित्रपटात तीन दिवस वाया घालवते. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पाहावी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात महामार्गच बंद झाला होता, त्यामुळे शहरातून बाहेर पडायला वाट उरली नव्हती. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण हवा स्वच्छ असते आणि ऊन तिरपे राहते.

पण याच काळात ऊस तुटतो, आणि बाहेरून आलेली युनिटे नेमकी इथे फसतात. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी नायक उसाच्या फडात पळत शिरतो, एवढे दृश्य आम्ही जानेवारीत घेतले. फडाच्या आत चालणारे पुढचे दृश्य कलाकाराच्या तारखांमुळे तीन आठवड्यांनी ठेवले होते. मी शेतकऱ्याला विचारले होते आणि त्याने ‘अजून महिनाभर तोड येत नाही’ असे सांगितलेही होते. पण कारखान्याची टोळी शेजारच्या गावात लवकर मोकळी झाली आणि आमच्या फडाला आधीच तोड आली. आलेली टोळी परत पाठवायची म्हणजे शेतकऱ्याचा ऊस हंगामाच्या शेवटी ताटकळणार आणि त्याचे वजन घटणार, त्यामुळे त्याला थांब म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे फक्त पाचट पसरलेले होते. दुसरा फड सापडला, पण त्याला तुरा आला होता, आणि आधीच्या दृश्यातल्या उसाला तुरा नव्हता. शेवटी कॅमेरा कमरेच्या उंचीखाली ठेवून सगळे दृश्य घ्यावे लागले. समीक्षकांनी त्या दृश्यातल्या गुदमरलेपणाचे कौतुक केले. तेव्हापासून मी तीन-चार गुंठे ऊस राखून ठेवण्याचे पैसे निर्मात्याच्या अंदाजपत्रकात आधीच घालतो आणि तारीख शेतकऱ्याबरोबरच टोळीच्या मुकादमालाही विचारतो.

गुऱ्हाळाचेही असेच आहे. उकळत्या काहिलीवरची वाफ, चुलवाणात पेटलेली चिपाडे आणि पहाटेचा निळा उजेड यांच्यासारखे दृश्य शोधून सापडणार नाही, मात्र रस एकदा पाकावर आला की गुळव्या कुणासाठीही थांबत नाही. त्याला ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. तिथे दोन कॅमेरे लावावेत आणि त्याच्या कामात पडू नये.

परवानग्यांच्या बाबतीत बारकाई ठेवावी. पन्हाळ्यावरचा तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे स्थानिक पातळीवर मिळालेला होकार तिथे कामाचा नाही. अर्ज पुष्कळ आधी करावा लागतो, आणि खिळा ठोकणे, भिंतीला आधार देऊन काही बांधणे, आग पेटवणे हे मनातही आणू नये. अंबाबाई आणि जोतिबा या मंदिरांसाठी देवस्थान व्यवस्थापन समितीकडे जावे लागते आणि गाभाऱ्याच्या दिशेने कॅमेरा नेण्याची कल्पना सोडून द्यावी लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर डोंगरावरच्या पायऱ्या, भिंती आणि झाडांची खोडेसुद्धा गुलालाने माखलेली असतात. ती पुढचे कित्येक दिवस तशीच राहतात, त्यामुळे यात्रेआधी निम्मे आणि यात्रेनंतर निम्मे दृश्य घेण्याचा बेत कधी करू नये. तालमीत चित्रीकरण करायचे असेल तर लेखी अर्ज द्यावाच, पण त्याआधी सकाळी पाचला जाऊन वस्तादांना भेटावे. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात पायताण घालून उतरलेल्या एका साहाय्यक दिग्दर्शकामुळे आमचे एक दिवसाचे काम रद्द झालेले मी पाहिले आहे, आणि चूक सर्वस्वी आमची होती.

एक किरकोळ वाटणारी सूचना. दुपारच्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा ठेवू नये. तो पॅकअपच्या दिवशी रात्री द्यावा. दुपारी दिला तर चार वाजेपर्यंत लाइटदादांपासून नायकापर्यंत कुणी हलत नाही आणि हिवाळ्यात चारनंतर उरते ते फक्त दीड तासाचे ऊन.

जुने पत्ते पाहायचे असतील तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथून सुरुवात करावी. खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृहाला आग लागली, त्यामुळे तिथे गेल्यावर जुन्या छायाचित्रांतला रंगमंच शोधू नये. नवा राजवाडा आणि भवानी मंडप या वास्तू अजूनही कोणत्याही ऐतिहासिक कथेला पुरतील इतक्या दणकट आहेत.

आणि रंकाळा. शालिनी पॅलेस तलावाच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे त्याचा दर्शनी भाग उजळलेला हवा असेल तर सकाळी लवकर पूर्वेच्या काठावर कॅमेरा लावावा. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळी आकृती आणि मागे तांबडे आकाश मिळेल, जे बहुतेकांना हवे असते आणि बहुतेकांनी घेतलेलेही आहे. पाण्यात संध्यामठ किती उघडा पडला आहे यावरून महिना ओळखता येतो, त्यामुळे कथेतला ऋतू आणि पाण्याची पातळी जुळते आहे ना हे आदल्या दिवशी पाहून यावे. सकाळी तिथे फिरायला येणारी मंडळी पुष्कळ असतात. ती चौकटीत येतील, थांबतील आणि ‘कुठली मालिका?’ असे विचारतील. त्यांना हटकू नये. एका माणसाला फक्त उत्तरे देण्यासाठी बाजूला उभे करावे, आणि तो शक्यतो कोल्हापूरचाच असावा.